माया

फहाहीलच्या शाळेत ग्रंथपाल आहे मी,
म्हणजे एसीखाली एक खुर्ची आणि एक शिक्का,
ज्याची तारीख रोज सकाळी
अंगठ्याने पुढे ढकलावी लागते.

त्या कादंबरीच्या तीन प्रती होत्या.
एकीचा कणा चिकटपट्टीच्या जिवावर उभा,
एक कुणाच्या तरी सामानातून हैदराबादला गेली,
तिसरीत, भरतीच्या प्रकरणाशी, अजून वाळू निघते.
दीपगृहाच्या बेटावरची पंधरा वर्षांची मुलगी,
निळा झगा घालते, समुद्राला उलट बोलते.
मी वाचली. ठीक आहे.
पोरींसमोर मात्र ‘ठीक आहे’ म्हणायची सोय नव्हती.

सिनेमाची पहिली तारीख आली तेव्हा
ओवी खानविलकर सातवीत होती.
पहिल्याच खेळाला घालायचा म्हणून तिच्या आईने
बाजारातल्या मोईनुद्दीनकडे निळा झगा शिवायला टाकला
आणि बजावलं, माया भरपूर ठेवा.
तो बघतच राहिला.
आत दुमडलेल्या कापडाला
त्याच्याकडे दबाव म्हणतात.

मग लांबलं.
तस्नीम परकारने डबा न उघडता परत नेला.
शेरिनने निर्मात्यांना ‘महोदय’पासून सुरू होणारं पत्र लिहिलं,
मी त्यात दोन स्वल्पविराम घातले,
त्यांचंही उत्तर आलं नाही.

दुसऱ्यांदा लांबलं तेव्हा तट पडले.
एक तट म्हणे, समुद्र खोटा दिसत असेल,
नीट करतायत, करू देत.
दुसरा म्हणे, आम्ही काय दूधखुळ्या आहोत?
पैसे संपलेत त्यांचे.
नकाशांच्या कपाटाआड जे भांडण झालं
त्यात एक वेणी सुटली, एक मैत्री तुटली,
आणि मी ‘शू’ म्हटलं, पगार त्याचाच मिळतो.

तिसऱ्यांदा कुणी काही बोललं नाही.
बाहेर धूळ इतकी होती की
रिफायनरीची ज्योत दुपारीच लावल्यासारखी दिसत होती.

झग्याची माया तोवर दोनदा उसवली.
आतलं कापड न विटलेलं,
म्हणून खाली दोन गडद पट्टे,
ओहोटीनंतर धक्क्याच्या भिंतीवर राहतात तसे.

शेरिनच्या वडिलांचं कंत्राट मार्चमध्ये संपलं.
निघताना तिने विचारलं,
मॅडम, आधी कोट्टयमला लागेल की इथे?
इथे गुरुवारी लागतो, मी म्हटलं, तिकडे शुक्रवारी.
म्हणजे एक दिवस आपण पुढे, ती म्हणाली.
‘आपण’ म्हणाली, आणि विमानाला निघून गेली.

(मी इथे दोन वर्षांसाठी आले होते.
हे एकोणिसावं.)

काल ओवी आली, बारावी संपली म्हणून,
पुस्तकं परत केल्याचा दाखला घ्यायला.
पुढच्या सप्टेंबरची तारीख आली आहे, सांगितलं मी.
हसली. तेव्हा ती नागपूरला, वसतिगृहात.
‘मी मोठी झाले, मॅडम, त्या मुलीपेक्षा.
परवा परत वाचत होते.
ती रात्री होडी सोडते ना,
पूर्वी मला वाटायचं, जा, जा.
आता वाटतं, अगं, निदान
आईला सांगून तरी जा.’
मग पिशवीतून झगा काढून टेबलावर ठेवला.
तस्नीमच्या धाकट्या बहिणीला द्या, पाचवीतल्या.
तिला अजून खरं वाटतं.

अफीफाने तो तिथेच, गणवेशावर चढवला.
फरशीवर लोळत होता,
दोन्ही पट्टे धूळ गोळा करत होते.
समुद्र खराच दाखवणार आहेत का, तिने विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
आरशासाठी स्वच्छतागृहाकडे पळाली.

संध्याकाळी मीच घेऊन गेले बाजारात.
मोईनुद्दीनने टाचण्या ओठांत धरल्या,
घेर वर घेतला, जुने पट्टे आत घातले,
वरचं कापायचं का ते कात्रीनेच विचारलं.
मी मान हलवली, नाही.
त्याने टाचण्या हातात काढल्या.
‘इतना सारा दबाव?’
राहू दे, म्हटलं. सगळा राहू दे.